चहाच्या सुट्टीतली लढत

१४ तारीख, रविवार दुपार

दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू आणि वहिनीही बरे असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवणार नाहीस. आई गेली तेव्हा आलास, सगळा वेळ भिंतीला टेकून उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. माझ्याशी धड चार शब्द बोलला नाहीस. त्याचा राग आहेच, पण तो या पत्रात काढायचा नाही असं ठरवलंय. बघू किती जमतं.

इकडचं सगळं ठीक. खोली तीच आहे. जिन्यात नवा दिवा लावलाय म्हणे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मला इस्त्रीवरून काढून घड्यांवर बसवलंय. आमची मुकादमीण म्हणाली, "बाई, तुमचा हात भाजला तर वरून बोलणी मला बसतील." हात त्याआधीच भाजून झाला होता, ते मी तिला सांगितलं नाही. घड्यांचं काम मला आवडतं. चादरीचे कोपरे बोटांना आपोआप सापडतात आणि शेजारच्या बायकांच्या गप्पा ऐकता येतात. एकीच्या सुनेचं रोज नवीन काहीतरी असतं. सून बिचारी गरीब असावी असा माझा संशय आहे.

अक्षर वरखाली गेलं असेल तर हसू नकोस. कागदाला आधी घड्या पाडून घेतल्यात आणि त्यांच्यावरून बोट फिरवत लिहितेय.

आता लिहायला का बसले ते सांगते. आईने जाण्याच्या आधी एकदा मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "तुझ्या दादाला वाटतं, तुझा डोळा त्याच्यामुळे गेला. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने मला. पण हे पोटात ठेवून मला जाता येईना." मग तिने पाठीवर दाबलेल्या बोटांचं सांगितलं. मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की तिच्यासमोरून उठून गॅलरीत गेले आणि कठडा धरून उभी राहिले. इतकी वर्षं तू मूग गिळून बसलास ते यासाठी? गाव सोडून गेलास तो यासाठी?

ती लढत तू मला कधी पुरी सांगू दिली नाहीस. मी विषय काढला की चपला पायात घालून बाहेर पडायचास. आज मी पुरी सांगणार आहे.

कामगार क्लबच्या हॉलमध्ये पुरुषांच्या बॉक्सिंगच्या लढती होत्या आणि आम्हा दोघींना मध्ये घातलं होतं, चहाच्या सुट्टीत. आमची नावं पुकारली आणि अख्खा हॉल खुर्च्या सरकवत कँटीनकडे निघाला. एक बाई रिकाम्या रांगांतून झाडू मारत होती. गुण देणाऱ्यांपैकी एकजण तर कपबशी घेऊनच बसला होता. आणि समोर ती बेकरीवाली. रोज पहाटे उठून पीठ मळणारी, तिचे दंड आठव! पहिल्या फेरीत तिने मला जवळच येऊ दिलं नाही. दुसरीत तिचा उजवा हात माझ्या डाव्या डोळ्यावर पुन्हा पुन्हा बसला आणि मी कोपऱ्यात आले तेव्हा डोळ्यावर मुठीएवढी सूज होती.

डॉक्टर वर चढला. माझ्या उजव्या डोळ्यावर हात ठेवून त्याने डाव्यासमोर बोटं धरली. तू टॉवेलखालून माझ्या पाठीवर दोन बोटं दाबलीस आणि मी "दोन" म्हटलं. हे खरं आहे. ते मी नाकारत नाही.

पण लगेच तू बादली उचलून पाणी आणायला खाली उतरलास. लाज वाटली असेल, लबाडीची सवय कुठे होती आपल्याला? दादा, तो डॉक्टर काही दूधखुळा नव्हता. त्याने तुझ्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बोटं धरली. चार होती. पाण्यातून बघावं तशी अंधुक, पण चार. मी सांगितली. मग बोट इकडून तिकडे फिरवलं, तेही मला दिसत होतं. त्याने विचारलं, "लढायचंय?" मी म्हटलं, "हो." मग तो उतरला. तू पाणी घेऊन आलास तोवर घंटाच झाली.

म्हणजे तुझ्या त्या दोन बोटांमुळे काहीही झालं नाही. तू ती दाबली नसतीस तरी मी तिसरी फेरी खेळले असते. हे तुला माहीत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून आपण दोघं इतके मूर्ख कसे निघालो?

डोळा गेला तो तिसऱ्या फेरीत. एक ठोसा बसला आणि डावीकडून पडदा ओढल्यासारखं सगळं काळं झालं. त्या बाजूने येणारं काहीच कळेना. तेव्हा तू खालून ओरडलास, "उजवा पाय पुढे घे! उलटी उभी राहा!" तशी मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. पण पाय बदलला आणि चांगला डोळा तिच्या बाजूला आला. तिला माझं काही समजेना. मी उजव्या हाताने तिचं अंतर मोजत राहिले आणि मग डावा सोडला, पार टाचेपासून. बेकरीवाली गुडघ्यावर बसली.

पंच आकडे मोजत होता. झाडूवाली बाई खुर्चीवर चढून ओरडत होती, कुणाच्या बाजूने देव जाणे. आणि ती उठली, दादा. तिचंही मोठेपण सांगायला हवं. ती उठली आणि परत माझ्या अंगावर आली, आणि शेवटच्या घंटेपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींना जागा दिली नाही. लोक कप घेऊन परत येत होते ते दारातच थबकले. पंचाने माझा हात वर केला. बेकरीवाली माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "हात आहे की मुसळ गं तुझा?"

दुसऱ्या दिवशी पेपरात पुरुषांचे सगळे निकाल आले. आमचं नावही नव्हतं. त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते घरचं. आपल्या घरात त्या दिवसाला 'डोळा गेला तो दिवस' म्हणायचे. 'ही जिंकली तो दिवस' असं एकदाही कुणी म्हणालं नाही. तूसुद्धा नाही. मला आयुष्यात एकच गोष्ट झकास जमली आणि तू तिच्याकडे सुतकी चेहरा करून बघत राहिलास. डोळा गेला त्याचं दुःख माझं मी करून संपवलं. माझी लढत मात्र तू नेलीस.

बघ, राग निघालाच.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. उजवा डोळाही चाललाय. मार खाल्ल्यामुळे नाही. आईला शेवटी झालं होतं तेच डोळ्यांचं दुखणं आहे, रक्तातून आलेलं. याचं खापर तरी स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. डॉक्टरीणबाई चांगली आहे, खोटं बोलत नाही. मी तिला विचारलं, काही करता येईल का, तर तिने माझा हात धरला. ती एरवी कुणाचा हात धरत नाही. मला भीती वाटते, दादा. कामावर असते तोवर निभावतं. घरी येऊन दार लावलं की वाटते.

यापुढे बघायला माझ्याजवळ जे साठवलेलं असेल तेवढंच उरणार. आणि ती तिसरी फेरी मी अर्धीच पाहिलीय, तीही आतून, घामाने डोळा चुरचुरत असताना. बाहेरून पाहिलेलं आता कोण सांगणार? आपल्याला बॉक्सिंग शिकवणारे सर गेले. बेकरीवाली कुठे असते कुणालाच ठाऊक नाही. कँटीनमधून आले त्यांनी शेवट तेवढा पाहिला. सबंध लढत पाहिलेला, माझ्या माहितीतला तू एकटाच आहेस. म्हणून ये, माझ्यासमोर बस आणि मला सांग, मी कशी दिसत होते. पाय बदलला तेव्हा कशी उभी होते, ती खाली बसली तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं, सगळं. माफी मागायला येणार असशील तर येऊ नकोस.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी बहीण,
त्या दिवशी जिंकलेली

ता. क. उत्तर पाठवू नकोस. ते येईपर्यंत मला वाचता येणार नाही, आणि तुझं पत्र मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार नाही. तूच ये.