‘बोली’ची मुदत

३ मार्च २०२५

‘बोली’ काढणार! सकाळी दुकानात संगणकावर तपासणी चालवली, तर लोकगीते जमवणाऱ्या संस्थेसाठी उतरवलेल्या बाईजाआजीच्या धवळ्यांची, म्हणजे लग्नगाण्यांची, प्रत्येक फाईल पिवळी. आधी वाटले, मीच कुठेतरी खुणेचा कंस बंद करायचा विसरलो. पुन्हा पाहिले. नाही. खाली सूचना होती — ‘बोली’ ही खूण नापसंत. मुदत ३१ मार्च. यापुढे ‘अशुद्ध’ ही खूण वापरावी.

हरेशदादांनी माझ्या खांद्यावरून वाचले. “नापसंत? पोरगी बघाया गेल्ते काय हे संस्थावाले?” सगळे दुकान हसले. मालक हसला की हसावे लागते. मी हसलो नाही.

५ मार्च

संस्थेची नियमावली पहिल्यापासून वाचली. खरे तर पद्धत चांगली आहे. खूण एकदम काढली तर जुन्या फायली मोडतील, म्हणून आधी नापसंत म्हणायचे आणि तारीख द्यायची. तोवर नुसती पिवळी सूचना. तारीख गेली की लाल, आणि लाल फाईल ते घेत नाहीत. मुदत म्हणजे लोकांना बोलायला दिलेला वेळ, असे तिथेच लिहिले आहे.

मग कोणी बोलले का?

आजी म्हणते ‘पानी’. मी ‘पानी’च लिहितो, त्याला ‘बोली’ची खूण लावतो आणि शेजारी ‘पाणी’ देतो. आता त्याच शब्दावर ‘अशुद्ध’ लिहायचे. का?

९ मार्च

किन्हवलीवरून बसने मुरबाडला जाऊन आलो. संस्थेच्या संकेतस्थळावर बाईजाआजीचे नाव आणि आवाज येणार, म्हणून तिला सांगणे भाग होते. त्या बाजूला लग्नाचा धवळा तिनेच म्हणायचा. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

“आजी, तुमच्या शब्दांवर आता ‘अशुद्ध’ असे लिहून येईल.”

तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला. “अशुद्ध? माजे घरान सुतक हाय का विटाल? कोन बोल्ला?”

“तसे नाही आजी, लिहिण्यातले...”

“सकालपासून तोंडान पानी घेत नाय रे मी, तवा धवला म्हनतंय. न तो अशुद्ध? लोकांना कलला त मना मांडवान कोन बोलवल?”

मी व्याकरणातले म्हणत होतो, ती देवाधर्मातले. पण शब्द एकच, आणि तिच्या गावात तो तिच्याच अर्थाने वाचला जाणार!

१० मार्च

संस्थेच्या सारिका मॅडमना फोन केला. बोलायचे ते आधी कागदावर लिहून ठेवले होते.

“स्वरूप, ते फक्त खुणेचे नाव आहे. तांत्रिक.”

“मग दुसरे कोणतेही तांत्रिक ठेवा, मॅडम. हे नको.”

त्या म्हणाल्या, “मुदतीआधी लेखी हरकत द्या. अजून एकही आलेली नाही.”

बारावी अर्धी सोडलेल्या माणसाची हरकत चालते का, हे विचारायचे राहिले. बरेच झाले.

१२ मार्च

हरकत पाठवली. ‘पानी’ ही चूक नाही. चूक असती तर मी स्वतः दाखवली असती — शुद्धलेखनात मी कोणाला सोडत नाही. दुकानाच्या पाटीवरचे ‘झेरॉक्स मिळतिल’ मीच दुरुस्त केले. सुतकाचेही लिहिले, आजीच्याच शब्दांत.

पाठवल्यावर वेलांट्या पुन्हा तपासल्या. ठीक आहेत.

१९ मार्च

उत्तर नाही.

२८ मार्च

हरेशदादा तापले. “फाइंड-रिप्लेस मार ना बाबा! एक बटन दाबायचा!”

नाही दाबणार.

“काम गेला त तुजाच नाव सांगीन त्यांना.”

सांगा! नीट सांगा — स्वरूप, रू दीर्घ.

३१ मार्च

अजून पिवळ्या.

१ एप्रिल

लाल. सगळ्या.

तशाच पाठवल्या. परत आल्या. पुन्हा पाठवल्या! जाताना दादा म्हणाले, “उद्या येऊ नको.” उद्या जाणार आहे.

२ एप्रिल

गेलो. खुर्ची होती. बसलो.

९ एप्रिल

जिंकलो!! नवी नियमावली आली. ‘बोली’ची नापसंती मागे. मुदतीचा रकाना कोरा! शिवाय गाण्यांसाठी ‘अशुद्ध’ हीच खूण नापसंत ठरवली, तिला डिसेंबरची तारीख दिली. तपासणी चालवली — लाल नाही, पिवळे नाही. मॅडमचा फोन आला: “हरकत एकच आली, पण ती वाचल्यावर कोणाला बोलायला काही उरले नाही.”

हरेशदादांनी सगळ्यांना सांगितले, “आमच्या पोराने संस्थेला वाकवली!” आता मी त्यांचा पोरगा.

आजीला फोनवर नाही सांगायचे. समोर जाऊन सांगणार. तिकडे लग्न आहेच, नवा धवळाही मिळेल.

२० एप्रिल

मुरबाडकडे लग्नाला गेलो. मी तोंड उघडायच्या आत आजीच म्हणाली, “घाबरू नको पोरा. नातीकडना सगला शुद्ध करून घेतलाय.”

मांडवात ती ‘पाणी’ म्हणाली. ‘नाही’ म्हणाली. प्रत्येक ण आणि ळ जपून. आत्ता फाईल लिहून झाली. ‘बोली’ लावायला एकही शब्द सापडला नाही.