आईच्या रक्तातलं जस्त

प्रिय दामतेव,

फोनवर तू इथल्या पावसाचं विचारतोस, मी तिकडच्या बर्फाचं विचारते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. घरी निवांत बसून वाच, कामावर वाचू नकोस.

आईला क्षय झालाय हे तुला कळवलं होतं. औषध माझ्यासमोर घेते, एक दिवस चुकवत नाही, तरी अंग धरत नाही. गोंदारच्या इस्पितळात माझं कामच ते, क्षयाच्या रोग्यांच्या रक्तात जस्त, तांबं, सेलेनियम किती ते तपासायचं. या दुखण्यात जस्त उतरतं, तांबं चढतं. औषध लागू पडलं आणि पोटात चार चांगले घास गेले, की हळूहळू सावरतं. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा बहुतेकांचं जस्त थोडं तरी वर आलं होतं. आईचं आणखी खाली गेलं होतं. माझाच हात चुकला असेल म्हणून मी पुन्हा तपासलं. आकडा तोच. थुंकीतही जंतू आहेतच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एतागेन, नुसत्या औषधावर म्हातारी निभावायची नाही. अंडं, मांस, दूध, काहीतरी पोटात जाऊ दे." जस्ताच्या गोळ्या देऊन पाहिल्या, सगळ्या उलटून पडल्या.

तेव्हा मोठा उपास चालू होता. आई म्हणजे तुला ठाऊक आहे, दुधाचा थेंब चालायचा नाही. चर्चमधून अब्बा येमाने आपणहून घरी आले, म्हणाले, "बाई, आजाऱ्याला उपास माफ असतो. पाप लागलंच तर माझ्या डोक्यावर." तर ही म्हणते, "तुमच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, पाप कशावर ठेवू?" अब्बा हसले आणि कॉफी पिऊन गेले. मी गुपचूप शिरोच्या पिठल्यात तूप घातलं. पहिल्याच घासाला तिनं ताट सरकवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

म्हटलं, ठीक आहे, फासिका येऊ दे. येशू उठला त्या सणाला कोण उपाशी राहतं? तांबडी कोंबडी कापली, अंडी घालून डोरो वॉट केलं, सगळे एका ताटाभोवती बसलो. अंड्याचा घास इंजेराच्या भाकरीत गुंडाळून मी तिच्या तोंडाशी नेला. दामतेव, भरवलेला घास आपल्यात कुणी परत करतं का? तिनं केला. तोंड फिरवलं आणि रडायला लागली. शेजारपाजारचे जेवायला आले होते, सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागाहून चुलीपाशी तिनं सांगितलं. "तो निघाला त्या दिवशी मी मरियमपाशी बोलले होते. माझं पोर या घरात परत पाऊल टाकेपर्यंत जनावराचं काही तोंडात घालणार नाही." इतकी वर्षं सणाला ती सगळ्यांना भरवत फिरायची, आणि आम्हाला वाटायचं, हिचं आधीच खाऊन झालंय. मी भांडले, पाया पडले. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी येतोय ना तो? मग आत्ता मोडू? वाटेत त्याला काही झालं तर?" शेवटी अब्बांनी तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की मुलानं स्वतःच्या तोंडानं येत नाही म्हणून सांगितलं, तर नवस संपला.

तू येणार नाहीस, हे मला कधीचंच कळलंय. बायको, लेक, तिकडचं घर, सगळं सोडून कसा येशील? त्याचा मला राग नाही. पण दर फोनला तू मायेनं "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतोस, आणि त्या शब्दावर ती उपाशी राहते. येता येत असेल तर लगेच ये. नाहीतर या रविवारी फोन कर आणि येणार नाही असं स्पष्ट सांग. "बघू" म्हणू नकोस, तेवढ्यावरही ती वर्ष काढेल. तिचं काळीज फाटेल, तुला नको नको ते बोलेल. बोलू दे. मी अंडं उकडून तिच्या शेजारी बसलेली असेन.

तुझीच थोरली,
एतागेन