विरजण मागायला

आई, आज सकाळी रिकामी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभी होते, तेव्हा तुझी इतकी आठवण आली की घरी येऊन हे लिहायलाच बसले.

पुंडलिकनगरातलं माझं घर तू पाहिलं नाहीस. शेजारी एक काका राहतात, मूळचे करमाडचे, शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. काकू उन्हाळ्यात गेल्या, मुलगा लांब. तेव्हापासून काका बाहेर दिसेनासे झाले. मी तुझीच मुलगी, लागले वाट्या पोचवायला. कधी वरण, कधी खिचडी, कधी शिरा. हळूहळू दार अर्धंच उघडायला लागलं, मग उघडेचना. परवा दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला तशीच लटकत होती. दार बडवलं, हाका मारल्या, तेव्हा कुठं आतून आवाज आला, "ताई, नका आणत जाऊ काही. तुमच्या वाट्या धुऊन ठेवल्यात, पण रिकाम्या कशा देऊ? मला रांधता येत नाय. लई लाज वाटायली." शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे तूच मला शिकवलंस. त्याच रीतीनं मी त्या माणसाला दाराआड कोंडत होते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पिशवी पुन्हा तशीच राहिली तर? दार फोडायला कुणाला बोलवायचं?

मग खाला आठवली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा तिची मुलं हैदराबादला निघून गेली आणि ती एकटीच मागं राहिली, आपल्या भिंतीला भिंत लागून. मी तेव्हा लहान, तू मला रोज तिच्याकडं विरजण आणायला पाठवतेस. आत्या नाक मुरडते. एकदा मी म्हणते, "आई, शिंकाळ्यात दही आहे की!" तू डोळे वटारतेस. "दिसतंय मला. तू जा." खाला कडी काढते, "आज देर कायकू की बेटी? मैं कबसे रस्ता देख रई," म्हणते आणि वाटीत चमचाभर दही घालते. मी वळून बघते, तर तू उंबऱ्यातच उभी. माझ्यावर लक्ष ठेवतेस, असं मला वाटायचं.

आज मी कडी वाजवली आणि ओरडले, "काका, विरजण आहे का हो? दूध तसंच पडलंय." आत काहीच हालचाल नाही. मी पुन्हा कडी वाजवली. मग चपला फरफटत आल्या आणि दार सताड उघडलं. "दही व्हय? तेवढं जमतं मला, हिनं शिकवलं होतं," म्हणत त्यांनी माझ्या वाटीत दही घातलं. वर मास्तरकी केलीच, "दूध कोमट पाहिजे, कढत नाय. अन् उद्या लागलं तर या." बाकीच्या वाट्यांचं मात्र त्यांनी नावही काढलं नाही.

तू उंबऱ्यात का थांबायचीस, ते त्या दारात उभं राहून कळलं. खालाची कडी निघेपर्यंत तुझाही जीव असाच टांगणीला लागत असणार.

हे तुला धाडायचं कुठं? घडी करून देवघरात ठेवते. एक मात्र कबूल करते. दही मला सोसत नाही, डॉक्टरांनी कधीच बंद केलंय. तरी उद्या वाटी घेऊन जाणार आहे, आणि काका कडी काढेपर्यंत मला धड श्वासही घेता येणार नाही.