तळहाताने ढकलायचा दांडा

ता. २ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र माझे दोन जुने पत्ते पालथे घालून परवा हाती पडलं. हल्ली मी स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजात आहे. त्याआधी छापखान्यात होते, त्याआधीचं सोडा. काकूने विचारलं तर सांगा, पोरगी स्थिर आहे, चांगले एकोणीस दिवस झाले.

तुम्ही लिहिलंत की उजव्या हाताची बोटं आता मिटतच नाहीत, विमानाच्या इंजिनाचा जोर वाढवायची मूठ धरता येत नाही, आणि उडवायचा परवाना तीस तारखेला संपतोय, तो पुन्हा मिळणार नाही. त्याआधी एकदा विमान वर न्यायचंय. वाचलं आणि हातातला प्लग तसाच ठेवला. बाबा होते तोवर हा प्रश्नच नव्हता. तुमची बोटं आखडायला लागली तसे ते उजवीकडे बसायला लागले. दिशा तुमच्या डाव्या हातात, जोर त्यांच्या हातात, दोघे भाऊ मिळून एक वैमानिक! बाबा गेल्यापासून तीन वर्षं ते बिचारं शेडमध्येच उभं आहे.

तुम्ही दोघांनी विमान बांधलं ती शेड म्हटलं की मला आधी लाकडाच्या भुशाचा वास येतो, मग छताला टांगलेल्या पंखांच्या फासळ्या दिसतात. इंजिन यायच्या आधी बाबा नुसत्या खोक्यावर दांडा पुढेमागे करायचे आणि तुम्ही तोंडाने आवाज काढायचात, दांडा पुढे की मोठा, मागे की बारीक. काकू खिडकीतून विचारायची की आज इंजिनाला खोकला झालाय का. मला तुम्ही नट निवडायला बसवायचात आणि मी मांजरामागे पळायचे. ते काळं मांजर, एका कानाचं, आठवतं? कुठे होते मी? हां, दांडा.

मूठ नकोच. तळहाताने पुढे ढकलायचा दांडा करते, वर वाटीसारखी खोलगट टोपी, आणि मागे ओढायला मनगट अडकेल असा आकडा. शेजारी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण बदलायचा दांडा असतो, त्याच्या टोपीला खाचा पाडते, म्हणजे न बघता हाताला फरक कळेल. तळहाताचा ठसा ओल्या मातीत घेऊन, वाळवून पाठवा. लगेच.

लोभ आहेच, तो माझ्या पत्त्यासारखा बदलू नका.

तुमची,
भिंगरी


ता. १९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नये. दांडा पोचला. तळहात टोपीत असा बसला की थोडा वेळ काढावासाच वाटेना.

पण बाईसाहेब, एक घोळ घातलात. दांड्याच्या वायरीला इंजिनाकडे जी स्प्रिंग असते, ती तू जोर कमी करणारी पाठवलीस. स्कूटरची वायर तुटली तर इंजिन मंदावलेलंच बरं, गाडी कडेला घेता येते. वर कड कुठून आणू? विमानाची वायर तुटली तर स्प्रिंगने इंजिन पूर्ण जोरात ठेवायला हवं. म्हणजे मैदानावर येता येतं, मग इंजिन बंद करून उतरायचं. तुझा बाप असता तर आधी पोट धरून हसला असता, आणि मी रागावलो असतो तर तुझीच बाजू घेतली असती.

अकरा दिवस उरलेत. जमलं तर स्प्रिंग उलट्या बाजूने ओढेल असा आकडा करून पाठव. नाही जमलं तर नाही. या वयात हट्ट शोभत नाही, असं तुझी काकू रोज ऐकवते.

पोटभर खात जा.

तुझा,
काका


ता. २२ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

लाजेने पाणी पाणी झाले. दिवसभर स्कूटरी उघडते ना, हात आपोआप तिकडेच वळला. स्प्रिंगचा नवा आकडा आणि कडक स्प्रिंग सोबत पाठवलीय. पण ती ताणून अडकवायला बोटांची चिमटी लागते, ते तुमच्याने व्हायचं नाही. मीच यायला हवं होतं. खरं सांगते, काल गाडीचं तिकीटही काढलं. गाडी आली, माणसं चढली, आणि माझा पाय उचलेना. बाबा नसलेली शेड मला बघवणार नाही, काका. तिकीट खिशात घालून परत आले. कोणाकडून तरी लावून घ्या आणि माझ्यावर रागावू नका.

येत नसले तरी तुमचीच,
भिंगरी


ता. २९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

यांना आज एका जागी बसवत नाही, म्हणून मी लिहितेय. दुखण्याने नव्हे, आनंदाने. पण हे तुला कळवायचं नाही असा हुकूम आहे.

स्प्रिंग मी लावली. यांना पक्कड घेऊन तिच्याशी झटताना पाहिलं, तिसऱ्यांदा ती उडून कोपऱ्यात गेली तेव्हा म्हटलं सरका. सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांना त्यात काय? मैदानावरच्या मेकॅनिकने चारदा ओढून पाहिली, सगळी जोडणी तपासून सही केली, आणि कुठे शिकलात म्हणून मलाच विचारलं. तीस वर्षं शिलाई मशीन, मी सांगितलं.

आज सकाळी हे वर गेले. मी कुंपणापाशी उभी होते. अकरा मिनिटं. इतकी वर्षं या विमानाच्या नावाने बोटं मोडली, आज मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. खाली आले, इंजिन बंद केलं, तरी उतरेनात. जवळ गेले तर म्हणाले की परवाना उद्यापर्यंत आहे, येतेस का?

मला रागच आला. इतकी वर्षं एकदाही विचारलं नाहीत, असं बोलूनही दाखवलं. तर खाली बघून म्हणाले की ती जागा भरलेली असायची ना.

मग मी विचारलं, किती वाजता. उद्या सातला जातोय.

तुझ्या तिकिटाचं वाचलं. यायला किती दिवस घ्यायचे ते तुझं तू ठरव, आम्ही घाई करणार नाही. फक्त एक लक्षात ठेव, शेडची किल्ली आता माझ्याकडे असते. आधी माझ्याकडे ये, मग आपण दोघी मिळून दार उघडू.

मायेचं म्हणशील तर ती मागायला पत्र लिहावं लागत नाही.

तुझी,
काकू