जहाजावर नेलेला टोप

बाबा, मी तुला पत्र लिहितोय याचं तुला हसूच आलं असतं. तू अंगठा लावायचास, आणि मी एवढी शाळा शिकून लिहिलं काय, तर खताची बिलं. पण एक गोष्ट गेले काही दिवस मनात अडकून बसली आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नाही. मी समुद्रावर जाऊन आलो. मोठ्या क्रूझवर, बायकोला घेऊन. बियाण्याच्या एका कंपनीनं चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना फिरायला नेलं, त्यात खापर गावातलं माझं खत-बियाण्याचं दुकानही होतं. रात्री जेवायला येताना काय घालायचं ते मात्र त्यांनी आधीच कळवलं होतं. पहिल्या रात्री सूट, दुसऱ्या रात्री सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि तिसऱ्या रात्री 'जंगल नाइट'. म्हणजे आदिवासी बनून जेवायला यायचं. ज्याचा पेहराव उत्तम त्याला बक्षीस. आपल्या घरात जेवायला काय घालायचं हे कधी कोणी विचारलं नव्हतं. जेवायला काय आहे, एवढंच विचारायचो.

सूट मी नंदुरबारला शिवून घेतला. पोट दिसू नये म्हणून शिंप्यानं बरीच खटपट केली, तरी ते दिसायचं ते दिसतंच. तिसऱ्या रात्रीचं काय करायचं या विचारात होतो, तेवढ्यात रनाळ्याच्या दोस्ताचा फोन आला. त्याचंही बियाण्याचंच दुकान आहे आणि माणूस मनानं निर्मळ आहे. एका होळीला तो आपल्या पाड्यावर आला होता, तेव्हा त्यानं आढ्याला टांगलेला तुझा मोरपिसांचा टोप पाहिला होता. म्हणाला, "काय भो, आम्हले ते भाडाना कपडा आनना पडतीन. तुन्हा घर ते असली माल शे! तुन्हा बापना तो टोप लई ये. बक्षीस तुन्हंच शे." मी लगेच हो म्हटलं. मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. उलट छाती फुगली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दुकानदारांमध्ये माझ्याकडे असं काही होतं, जे त्यांच्याकडे नव्हतं.

दुकानातून पाड्यावर घरी येऊन टोप काढला. बांबूच्या कामट्या अजून घट्ट आहेत, पिसं थोडी झडली आहेत. तो खाली घेताना मला तो दिवस आठवला. मी दुसरीत असेन. होळी होऊन गेली आहे, तू अंगावरची राख धुवायला नदीवर गेला आहेस, आणि मी पालथ्या टोपलीवर चढून तो टोप डोक्यात घालतो. कमरेला तुझे घुंगरू बांधतो आणि अंगणात नाचतो. पोरं हसताहेत. तू ओल्या अंगानं परत येतोस, फाटकाशी थांबतोस. मला वाटलं, आता पाठीत बसणार. तू हात उगारला नाहीस. टोप हळूच उतरवलास आणि एवढंच विचारलंस, "पाळणी कोणी धरली?" पाळणी म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. तू त्या दिवशी माझ्याशी बोललाच नाहीस, त्यापेक्षा मला मार परवडला असता.

मग एका रात्री आईनं सांगितलं. मी तान्हा असताना तापानं गेल्यातच जमा होतो. तेव्हा तू नवस केलास की पोर वाचलं तर होळीत बुध्या होईन, अंगाला राख फासून, टोप घालून नाचेन. दरवर्षी गुजरातेतली ऊसतोड टाकून तू होळीला परत यायचास. मुकादम शिव्या घालायचा, तरी यायचास. मग पाळणी, म्हणजे नवसाचं व्रत. खाटेवर बसायचं नाही, भुईवर झोपायचं, आईला शिवायचं नाही, आणि आपलं अन्न आपल्याच हातानं शिजवून खायचं. आई भाकरी थापून ठेवायची आणि तू तिकडे बघायचाही नाहीस. चुलीपासून लांब तीन दगड मांडून काहीतरी रटरट शिजवायचास. मला त्या वयात वाटायचं, तू आईवर रुसलायस. ती पाळणी माझ्या जिवासाठी चालली होती, हे कळायला मला बराच वेळ लागला.

बियाण्याच्या रिकाम्या खोक्यात टोप ठेवून मी दोरी बांधत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. आपल्या बोलीत म्हणाली, "नेतोयस तर ने. पण मग पाळणीही धर. तिथं खाली झोप. आणि जेवण दुसऱ्याच्या हातचं खाऊ नकोस." मी म्हटलं, "अगं, ते जेवणासाठीच तर घालायचंय." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." आणि आत निघून गेली. दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं मला. ज्यानं तो टोप घालायचा त्यानं परक्याच्या पंगतीला बसायचंच नाही, आणि मी तो घालून पंगतीला निघालो होतो. तरी खोकं सोबत नेलं. हो म्हणून बसलो होतो ना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीचा दरवाजा ठोठावला गेला. दोस्त होता. गालावर पांढरे पट्टे, कमरेला प्लॅस्टिकची पानं, हातात भाला, मागे त्याची बायको कवड्यांच्या माळा घालून लाजत उभी. "चाल ना भो, काय करी ऱ्हायना? टोप कोठे शे?" खोकं पलंगाखाली होतं, माझ्या टाचेला लागत होतं. मी अंगात सूट चढवला होता. त्या हॉलमध्ये मी एकटाच सूटवाला. सगळे 'हुर्र हुर्र' करत नाचत होते आणि मला हसत होते. कोणीतरी म्हणालं, "अहो, आज तुमचीच रात्र आणि तुम्हीच साहेब बनून आलात!" मीही हसलो. त्यांचे फोटो काढून दिले. बक्षीस प्लॅस्टिकच्या पानांना मिळालं, तेव्हा टाळ्याही वाजवल्या. एकाही माणसाला सांगितलं नाही की हे सोंग नाही रे, यात बाप पोरासाठी भुईवर झोपतो. सांगितलं असतं तर दोस्तानं तरी नक्की ऐकलं असतं. ताटात सगळं वाढलं होतं, पण मी त्याला हात लावला नाही. बायको मात्र पोटभर जेवली. तिच्या डोक्यावर काही ओझं नव्हतं.

टोप परत आढ्याला टांगला आहे. होळी जवळ येते आहे. बायको काही विचारत नाही, पण परवा तिनं अंगणात तीन दगड आणून ठेवले आहेत. मी रोज त्यांच्याकडे बघून दुकानात जातो. हे पत्र मी टोपाखाली उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवणार होतो, तुला ऐकू जाईल म्हणून. ते होणार नाही. एक वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून ते इथेच लिहून कागद घडी करतो. दोस्तानं दारात विचारलं, टोप कुठे आहे, तेव्हा मी त्याला म्हणालो, घरी विसरलो.