चौथ्या ट्रेचा उपास

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा सध्या सप्तांगावर भागव). तुझी कंबर कशी आहे, भावोजींचा खोकला कुठवर आला, हे आत्ताच विचारून घेतो, कारण पुढे सगळं तुझ्या भाचीचं कौतुक आहे. मुलांचं कौतुक आवरतं घ्यावं, असं संस्कृतच्या वर्गात बावीस वर्षं मी पालकांना बजावत आलो. ते पालक आता दिसले तर मी रस्ता बदलीन.

ती अळ्या पाळते, हे तुला ठाऊक आहे. (पदाचं नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच.) खरकट्यावर माशीच्या अळ्या वाढवायच्या आणि गलेलठ्ठ झाल्या की कोंबड्यांच्या खाद्यात घालायच्या, असा तो कारखाना. तिथल्या माणसांना रविवारची सुट्टी नाही, कारण अळ्यांना रविवार कळत नाही. मालक म्हणाले, "एक दिवस उपाशी ठेवल्या तर काय बिघडतं?" तुझी भाची म्हणाली, "मोजून सांगते." नोकरीला लागून आठ महिने झालेले, आणि मालकाला हे उत्तर! तिच्या जागी मी असतो तर 'काही नाही साहेब' म्हणालो असतो, तेही दोनदा.

मग तिने कोवळ्या अळ्यांचे ट्रे मांडले. पहिल्या दोघांना रोज पोटभर. तीन, चार आणि पाच नंबरला महिन्याचे चारही रविवार एकदम, म्हणजे सलग चार दिवस नुसता पाण्याचा फवारा, आणि त्यानंतर जेवण. (मी 'तृप्त' आणि 'क्षुधार्त' अशी नावं सुचवली होती. तिने आकडे चिकटवले.) शाळेला सुट्टी होती म्हणून फवाऱ्याचं काम मला मिळालं. पहिल्याच दिवशी माझ्या खिशातून तीन अळ्या घरी आल्या आणि तुझ्या भावजयीला धुण्यात सापडल्या. त्या प्रसंगाचं वर्णन करायला माझं संस्कृत अपुरं आहे. तिचं मराठी मात्र पुरून उरलं.

निकाल ऐक. तीन आणि पाच नंबरच्या अळ्या नंतर कितीही खाऊन आठवडाभर मागेच राहिल्या. लहानपणची उपासमार पुढे सहज भरून निघत नाही, हे तिने वजनकाट्यावर दाखवलं. चार नंबर मात्र भरपेटांच्या खालोखाल टुमटुमीत! मालकांनी नेमका तोच ट्रे उचलला. "उपास मानवला की यांना! काटा चुकलाय की तुम्ही?" दहा माणसांसमोर विचारलं, ताई. पोरगी शांतपणे म्हणाली, "काटा बरोबर आहे, मीही बरोबर आहे. चार नंबरचं सोमवारी सांगते." मी कोपऱ्यात फवारा घेऊन उभा होतो, ऊर असा भरून आला की मी भिंतीलाच पाणी घातलं.

तिचा पहिलावहिला प्रयोग आहे. सोमवारी उत्तर नसेल तर सगळी वजनं खोटी ठरतील आणि तीही. पण ती डगमगणारी नाही. आपल्या घरात असं कुणी झालं नव्हतं (तुझा अपवाद, हे पत्र तुलाच आहे म्हणून).

तुझा धाकटा भाऊ

ता. क. चार नंबरला मी खायला घालत होतो. रोज दुपारी, माझ्या डब्यातलं किसलेलं गाजर. जेवायच्या वेळी ती पोरं माना वर करून चहूकडे शोधायची, मला घास गिळवेना. तर सोमवारच्या आत तू तिला फोन करून हे सांग. आत्यावर ती चिडत नाही.

आणखी ता. क. फोन नको. पत्र टेबलावर राहिलं आणि तिने वाचलं. म्हणाली, "बाबा, उपाशी अळीचं पोट केशरी दिसत नाही. मला दुसऱ्याच दिवशी कळलं." मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? "बघायचं होतं, एवढ्याशा गाजरावर किती तगतात." आता ती सोमवारी सुचवणार आहे की कोवळ्या अळ्यांना शनिवारी थोडा गाजराचा कीस घालून सगळ्यांनी रविवारी घरी बसावं. अहवालात ट्रे चारसमोर लिहिलंय: 'वडिलांचा हस्तक्षेप, उपयुक्त.' बावीस वर्षांत मला असा शेरा कुणी दिला नाही.

शेवटचं. हा अहवाल ती रविवारी रात्री जेवताना आईला वाचून दाखवणार आहे. तेव्हा फोन तुझ्या भावजयीला कर आणि तासभर बोलत राहा. डॉक्टरांनी सांगितलेलं ते गाजर गेली दोन वर्षं मीच खातो, अशी तिची समजूत आहे.