भिंतीवरचं तवसं

आय, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला सांगायची एकच गोष्ट होती आणि तीच मी टाळत राहिले. आज लायब्ररीतून एक फॉर्म घेऊन आलेय. त्यावर छापलंय, ‘बी परत न करण्याचं कारण’, आणि खाली दोन रेघा. दोन रेघांत मावेना म्हणून हा वेगळा कागद घेतला.

बोनकोड्याचं आपलं जुनं घर आठव. चुलीमागच्या भिंतीवर तू दरवर्षी तवशाचं, त्या जाड गावठी काकडीचं, बी शेणात आणि राखेत कालवून थापायचीस. चार बोटांची चपटी थापी, वाळून काळपट झालेली. पाहुणे आले की मला लाज वाटायची. मी तेव्हा बँकेत लागले होते, नाकाचा शेंडा जरा वरच असायचा. तू म्हणायचीस, “हसतंस काय गो? भितीवरचा बी उंदीर नाय खात, कीर नाय खात.” आणि वेलाला पहिलं तवसं धरलं की त्याला चिंधी बांधायचीस. त्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा बाबा म्हणाले, निदान गणपतीपुढं तरी ठेवू. तर तू म्हणालीस, “देवाला दुसरा. पयला वेलाचा.” वेल सुकून काड्या होईपर्यंत ते तसंच लोंबत राहायचं, पिवळं, मग तपकिरी, सालीला भेगा पडलेलं; मग त्यातलं बी काढायचीस.

दादाच्या हळदीच्या वेळी घर रंगवायला काढलं. तू आमंत्रणं करत गावभर फिरत होतीस. रंगारी म्हणाला, ताई, भिंत साफ करून द्या. मी पत्र्याचा तुकडा घेतला आणि खरवडली. थापी खाली पडली, मी ती केरात भरली आणि मागच्या उकिरड्यावर टाकली. बी आठवलं नाही असं नाही. आठवलं. दुकानात पाकीट मिळतं, एवढंच मनात आलं. संध्याकाळी तू आलीस, ओल्या चुन्याच्या भिंतीकडे बघत उभी राहिलीस आणि विचारलंस, “बी काढून ठेवलंस ना?” मी म्हटलं, हो, डब्यात ठेवलंय.

लग्नानंतर दोन महिन्यांत घर पाडलं, बिल्डिंग उभी राहिली. पेरायला जागाच उरली नाही, म्हणून माझं खोटं टिकलं. पुढे हॉस्पिटलात, नाकात नळी असताना, तू माझं मनगट धरून पुन्हा विचारलंस, “बी हाय ना?” मी म्हटलं, हाय. तू “बरां” म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, आईला समाधान मिळालं. अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय.

रिटायर झाल्यापासून मी सकाळी लायब्ररीत पेपर वाचायला जाते. पुस्तकांची कार्डं ठेवायचं तिथलं जुनं लाकडी कपाट रिकामं पडलं होतं, त्यात आता बी ठेवतात. पुस्तकासारखं न्यायचं, पेरायचं, पीक आलं की पुन्हा बी आणून द्यायचं. मे महिन्यात सहज एक खण ओढला. कॅलेंडरच्या कागदाची पुडी, वर वाकड्यातिकड्या अक्षरात: ‘तवसा. बोनकोडे. शेन-राखेत भितीला लावने.’ मी तिथल्याच स्टुलावर बसले. लायब्ररीच्या बाईंनी पाणी दिलं, पुडी कुणाची ते वहीत बघितलं आणि त्या घरी फोन करून विचारून मला पत्ता दिला.

ती आपली मासेवाली मावशी, आय. आपल्या दारात पाटी उतरवून तुझ्याशी तासभर बोलत बसायची ती. आता मुलाबरोबर करंजाड्याला पाचव्या मजल्यावर राहते. मला बघून म्हणाली, “आलीस? लय उशीर केलास गो.” मग तिनं सांगितलं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी तू तिच्याकडे गेली होतीस. उकिरड्यावर थापीचे तुकडे तुला दिसले होते, बी कोंबड्यांनी टिपलं होतं. तू तिला म्हणालीस, माझ्याकडून नेलेल्या बीतलं थोडं दरवर्षी धरून ठेव. पोरीला काही बोलू नको. ती मागायला आली की दे. “मी दरसाल पेरला,” मावशी म्हणाली, “तू येशील म्हनून. आता मना जमीन नाय, म्हनून लायब्ररीत दिला.”

म्हणजे हॉस्पिटलात विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. बी नाही हे ठाऊक असून तू विचारलंस, आणि मी हाय म्हटलं. एक ‘नाय’ म्हटलं असतं तर तू मला मावशीचं घर सांगितलं असतंस. मरताना तू मला खरं बोलायला जागा करून दिलीस आणि मी ती घेतली नाही. परतीच्या रिक्षात मी इतकी रडले की रिक्षावाल्यानं बाजूला थांबवून विचारलं, कुणी गेलंय का.

लायब्ररीतून ती पुडी माझ्या नावावर घेतली, तीत पाच बिया होत्या. बाई म्हणाल्या, या जातीची ही एकच पुडी आहे, जपा. पाचही ग्रिलमधल्या कुंड्यांत लावल्या. तीन उगवल्या, त्यातल्या दोन जळल्या. एक वेल सळीवर चढला. रोज सकाळी मी नरफुलं खुडून मादीफुलांवर फिरवत होते, खालून वॉचमन बघायचा. एकच तवसं धरलं. तुझ्यासारखीच मी त्याला चिंधी बांधली.

आणि मग पितृपक्ष आला. तुझ्या तिथीला पान वाढायचं होतं. बाजारात तवसं होतं गं, ढीगभर होतं. पण वेलाकडे बघितलं आणि वाटलं, आयच्या पानावर आयचंच तवसं. अकरा वर्षांत तुला काही दिलं नाही, हे तरी देऊ. वाटलं, वाढलंय आता, बी धरलं असेल. चिंधी सोडली आणि तोडलं. चिरलं तर आत बी पाण्यासारखं, पातळ. गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. घरातले म्हणाले, आई खूश झाली. मी खाली येऊन पूजेच्या दुकानातली गोवरी भिजवली, होतं नव्हतं ते बी राखेत कालवून थापलं. टाइल्सवर थापी धरेना, म्हणून बाल्कनीच्या भिंतीला लावली. महिन्यानं फोडली. नुसती टरफलं, आय. एकातही काही नाही.

मावशीला फोन केला. तिच्याकडे एकही उरलेलं नाही.

आज लायब्ररीच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, होतं असं, फॉर्मवर लिहा आणि सही करा, दंड नाही. दंड नाही म्हणाल्या तेव्हा मला पुन्हा रडू आलं. फॉर्मवर मी ‘कोवळं तोडलं’ एवढंच लिहीन. हा कागद कुणाला द्यायचा नाही. घडी करून डब्यात ठेवेन, ज्या डब्यात बी ठेवलंय असं तुला सांगितलं होतं त्याच.

तू विचारलं होतंस ना, आय. बी नाय. तवाबी नव्हता.